कप, चमचे, झाकणं: प्लास्टिकच्या स्थानिक नियमांत नेमकं काय असतं

एखाद्या शहराने एकदा वापरून फेकायच्या कप-चमच्यांवर नियम केला की बातमीत एकच शब्द येतो: बंदी. नियमाचा कागद हातात घेतला तर मात्र त्यात चार-पाच निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या दिसतात. काही वस्तू द्यायच्याच नाहीत. काही द्यायच्या, पण गिऱ्हाइकाने मागितल्या तरच. काहींचे पैसे वेगळे लावायचे आणि ते बिलावर दाखवायचे. बसून खाणाऱ्याला धुऊन वापरायची भांडी द्यायची. यातून कोणाला, किती दिवस सूट आहे तेही त्याच कागदात असतं. ज्या व्यावसायिकाच्या कानावर फक्त "बंदी" पडते, तो प्लास्टिकचे कप काढून कागदी कपांची खोकी भरतो आणि सुटलो म्हणतो. पुष्कळदा तो तिथेच अडकतो, कारण काही नियमांच्या लेखी तो कागदी कपही प्लास्टिकचाच असतो.

हे नियम वाचताना एक फरक कायम डोळ्यासमोर ठेवावा. काही नियम वस्तू कशाची बनलेली आहे ते बदलायला लावतात आणि काही नियम वस्तूंची संख्याच कमी करायला लावतात. पहिल्या प्रकारचे पाळायला सोपे आणि जाहीर करायलाही सोपे. दुसऱ्या प्रकारचे धंद्याच्या रोजच्या कामात हात घालतात, म्हणून त्यांना विरोध जास्त होतो. कचरा खरोखर कमी करण्याची ताकद दुसऱ्या प्रकारात आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे पुढे येईलच.

आधी खाण्यापिण्याच्याच वस्तूंवर रोख का, ते पाहू. प्लास्टिकची पिशवी निदान दोन-चारदा वापरली जाते. काट्या-चमच्याचं आयुष्य दहा मिनिटांचं. त्यात तो खरकटा, हलका आणि लहान. कचरा वेगळा करणाऱ्या यंत्रावर फिरत्या चाळण्या असतात. बाटली-डबा वर राहतो. स्ट्रॉ, चमचा, छोटं झाकण खाली पडून काचेच्या चुऱ्यात आणि मातीत मिसळतं. काळ्या रंगाच्या डब्यांची अडचण आणखी वेगळी. प्लास्टिकची जात ओळखणारी यंत्रं वस्तूवर अवरक्त प्रकाश टाकतात आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून ओळखतात. काळ्या रंगासाठी वापरलेली काजळी तो प्रकाश शोषून घेते, त्यामुळे डबा यंत्राला दिसतच नाही. तो सरळ टाकाऊ ढिगात जातो.

थर्माकोलचं तर विचारूच नका. त्याच्या आकारमानातला नव्वद-पंचाण्णव टक्क्यांहून जास्त भाग हवाच असते. गाडी भरून नेलं तरी माल मूठभर, आणि त्याला खरकटं चिकटलेलं. दाबला की त्याचे दाणे होतात, दाणे गटारात जातात आणि तिथून ते कोणी वेचू शकत नाही. न्यूयॉर्क शहराने थर्माकोलच्या डब्यांवरचा कायदा २०१३ मध्ये केला, पण उत्पादकांनी "याचा पुनर्वापर होऊ शकतो" असं म्हणत कोर्टात लढाई लावून धरली आणि अंमल सुरू व्हायला २०१९ उजाडलं. शहराचं म्हणणं होतं की प्रयोगशाळेत होणं वेगळं आणि परवडेल अशा रीतीने रोजच्या रोज होणं वेगळं. हा भेद प्रत्येक वस्तूला लावून पाहण्यासारखा आहे. डब्याखालच्या त्रिकोणातला आकडा प्लास्टिकची जात सांगतो. तुमच्या गावात ते कोणी गोळा करतं की नाही, हे तो सांगत नाही.

नियम कोण करतं, हा पुढचा प्रश्न. रस्त्यावरची कचरापेटी रिकामी करायची, गटार मोकळं करायचं, कचरा डेपोवर न्यायचा, हा सगळा खर्च स्थानिक संस्थेच्या डोक्यावर असतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी पहिलं पाऊल शहरांनी उचललं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीने १९८० च्या दशकाच्या अखेरीसच थर्माकोलच्या डब्यांना हात घातला होता. सिएटलने २००९ च्या जानेवारीपासून थर्माकोल बंद केलं आणि १ जुलै २०१० पासून खाण्याची डिस्पोजेबल वेष्टनं एकतर खत होणारी किंवा पुनर्वापर होणारी असली पाहिजेत असं ठरवलं. गंमत अशी नव्हे तर गंभीर गोष्ट अशी की चमचे आणि स्ट्रॉ यांना त्यातून सूट दिली गेली, आणि ती सूट जुलै २०१८ पर्यंत चालू राहिली. चांगला पर्याय बाजारात नाही म्हणून तात्पुरती दिलेली सवलत आठ वर्षं टिकली.

शहरांच्या वर राज्य, त्याच्या वर देश. महाराष्ट्राची प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिने कैद. देशभरात प्लास्टिकच्या ताटल्या, कप, ग्लास, काटे, चमचे, सुऱ्या, स्ट्रॉ, ट्रे आणि ढवळकाड्या यांवर बंदी आली ती त्यानंतर, १ जुलै २०२२ पासून. युरोपीय संघाचा निर्देश २०१९ चा आणि अंमल ३ जुलै २०२१ चा. इंग्लंडमध्ये ताटल्या, वाडगे, चमचे आणि थर्माकोलचे कप-डबे १ ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाले. वरच्या पातळीवर कायदा झाला तरी दारात येऊन तपासणारा माणूस बहुतेक वेळा स्थानिक संस्थेचाच असतो. म्हणून व्यावसायिकाने दोन्ही कागद पाहावेत: वरचा कायदा आणि आपल्या शहराचा नियम. दोघांत जो जास्त कडक असेल तोच दारात लागू होतो, अर्थात शहराला तो करण्याचा अधिकार असेल तर.

हा "अधिकार असेल तर" साधा नाही. फ्लोरिडातल्या कोरल गेबल्स शहराने २०१६ मध्ये थर्माकोलबंदी केली. राज्याच्या कायद्याने शहरांना असे नियम करायला मनाई होती, आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयाने शहराविरुद्ध निकाल दिला. जर्मनीतली गोष्ट याच्या उलट आहे आणि जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. कासेल शहराचा वेष्टनकर तिथल्या घटना न्यायालयाने १९९८ मध्ये रद्द केला होता. त्यानंतर कितीतरी वर्षं कोणी शहर त्या वाटेला गेलं नाही. मग ट्यूबिंगेन या विद्यापीठाच्या गावाने १ जानेवारी २०२२ पासून पार्सलच्या प्रत्येक डिस्पोजेबल कपावर आणि डब्यावर ५० सेंट, चमच्या-काट्यावर २० सेंट कर लावला. एका फास्टफूड साखळीची शाखा चालवणाऱ्या व्यावसायिक महिलेने दावा केला. राज्याच्या न्यायालयात शहर हरलं, मे २०२३ मध्ये संघीय प्रशासकीय न्यायालयात बहुतांशी जिंकलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये घटना न्यायालयाने कर वैध असल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात वेष्टनांबद्दलचा कायदा बदलला होता, म्हणून १९९८ चा निकाल आता आड आला नाही. कोन्स्टान्झ शहराने तर निकालाची वाट न पाहता २०२५ च्या पहिल्याच दिवसापासून असाच कर सुरू केला होता. एका गावाच्या तीन वर्षांच्या कोर्टकचेरीने देशातल्या सगळ्या गावांना रस्ता मोकळा झाला.

आता व्याख्यांकडे येऊ. नियमाचं पहिलं पान लोक उलटून टाकतात आणि थेट दंडाच्या कलमाकडे जातात. खरं तर सगळा जीव व्याख्येत असतो.

एक कागदी कप घ्या आणि पाण्यात तासभर भिजत ठेवा. मग शिवणीपाशी नखाने उकला. कागद लगद्यासारखा सुटेल आणि आतल्या बाजूने एक पातळ, पारदर्शक पापुद्रा हाताला लागेल. ताणला तर ताणला जाईल, फाटणार नाही. ते पॉलिथिलीन आहे. कपाच्या वजनात त्याचा वाटा साधारण पाच टक्के असतो. त्याच्याशिवाय गरम पेय कागदात मुरलं असतं. हाच पापुद्रा कागदाला इतका चिकटलेला असतो की साध्या कागद गिरणीत तो नीट सुटत नाही, म्हणून रद्दीत टाकलेला कप रद्दीत खपत नाही. युरोपीय संघाच्या व्याख्येत प्लास्टिकचा असा थर असलेली वस्तू प्लास्टिकची धरतात. म्हणून तिथे असं अस्तर लावलेली कागदी ताटली बंद आहे, आणि अस्तराचा कागदी कप विकता येतो पण त्यावर "यात प्लास्टिक आहे" हे सांगणारी कासवाची खूण छापावी लागते. दुसऱ्या एखाद्या शहराच्या नियमात "मुख्यतः प्लास्टिक" असे शब्द असले तर तोच कप बिनधास्त चालतो.

मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनवलेल्या पीएलए प्लास्टिकचा चमचा घ्या. युरोपीय संघात तो बंद, कारण वनस्पतीपासून केलेलं प्लास्टिक तिथे प्लास्टिकच. भारताच्या नियमांत प्रमाणित खतयोग्य प्लास्टिकच्या वस्तूंना बंदीतून सूट आहे. सिएटलमध्ये तर प्रमाणित खतयोग्य चमचा हाच मान्य पर्यायांपैकी एक. वस्तू एकच, कारखाना एकच, आणि सीमा ओलांडली की कधी गुन्हा, कधी नियमपालन. त्यामुळे पुरवठादार "हा माल सगळीकडे चालतो" म्हणाला तर त्याला शांतपणे विचारावं: कोणत्या नियमाच्या कोणत्या व्याख्येनुसार?

इंग्लंडच्या नियमात अशीच एक बारीक जागा आहे. रिकामी विकलेली किंवा बसून खाणाऱ्याला दिलेली प्लास्टिकची ताटली बंद. पण विक्रीच्या वेळी खाद्यपदार्थ भरून वेष्टन म्हणून दिली, तर ती वेष्टनात मोडते आणि तिला ही बंदी लागत नाही. वस्तू काय आहे यापेक्षा ती कोणत्या क्षणी, कोणाच्या हातात, कशासाठी गेली यावर नियम फिरतो. अशा ठिकाणी अंदाजाने वागण्यापेक्षा कार्यालयाकडून लेखी खुलासा घेतलेला बरा.

खतयोग्य किंवा कंपोस्टेबल या शब्दाबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण सर्वात जास्त फसगत इथे होते. युरोपच्या ईएन १३४३२ या मानकानुसार वस्तू नियंत्रित खतप्रक्रियेत १२ आठवड्यांत तुकडे होऊन विरघळली पाहिजे आणि सहा महिन्यांत तिच्यातल्या कार्बनचा ९० टक्के भाग सूक्ष्मजीवांनी पचवला पाहिजे. ही चाचणी होते ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास. मोठ्या खतप्रकल्पाच्या ढिगात एवढी उष्णता तयार होते आणि टिकते. घराच्या कुंडीत, नाल्याच्या कडेला किंवा समुद्रात ती नसते. तिथे पीएलएचा कप वर्षानुवर्षं कपच राहतो. शिवाय खतप्रकल्पवाल्यांना तो नको असतो. त्यांना साधा कप आणि खतयोग्य कप सरकत्या पट्ट्यावर वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून काही प्रकल्प दोन्ही चाळून बाजूला काढतात आणि जाळायला किंवा पुरायला पाठवतात. तेव्हा नियमात "खतयोग्य चालेल" असं लिहिलं असेल तर पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: ते गोळा कोण करणार आणि खत होणार कुठे? याचं उत्तर नसेल तर व्यावसायिकाने दुप्पट पैसे मोजून तोच कचरा त्याच ढिगावर पाठवला असं होतं. त्याच्या चांगल्या हेतूची ही हेळसांड मला फार खटकते.

"बायोडिग्रेडेबल" एवढाच शब्द छापलेला असेल तर त्याला काडीचीही किंमत देऊ नका. किती दिवसांत, कोणत्या तापमानाला, कोणी तपासलं, यांतलं काहीच तो शब्द सांगत नाही. काही प्लास्टिकमध्ये ते लवकर ठिसूळ व्हावं म्हणून रसायन मिसळतात. ते दिसेनासं होतं खरं, पण बारीक कणांच्या रूपाने मागे उरतं. युरोपीय संघाने असं ऑक्सो प्लास्टिक सरसकट बंद केलं.

लगद्यापासून साच्यात दाबून केलेल्या वाडग्यांची आणखी एक भानगड आहे. तेलकट, गरम पदार्थ त्यांतून झिरपू नये म्हणून अनेक वर्षं त्यांत पीएफएएस जातीची फ्लोरिनयुक्त रसायनं घालत आले. ही रसायनं निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. वाडग्याचं खत झालं तरी रसायन खतात, खतातून मातीत आणि पाण्यात जातं. बर्कलीने आपल्या २०१९ च्या नियमात खतयोग्य वस्तू या रसायनांपासून मुक्त असल्या पाहिजेत अशी अट घातली. कॅलिफोर्निया राज्याने २०२३ पासून कागद आणि वनस्पतीच्या तंतूंच्या खाद्यवेष्टनांत त्यांचा जाणूनबुजून वापर बंद केला. प्लास्टिक काढलं आणि त्याच्या जागी काय आलं, हे विचारलं नाही तर काय होतं, त्याचं हे उदाहरण.

म्हणून मला दुसऱ्या प्रकारचे नियम महत्त्वाचे वाटतात. त्यांतला सर्वात स्वस्त नियम म्हणजे "मागितलं तरच द्या." कॅलिफोर्नियात हा नियम आधी २०१९ मध्ये बसून जेवायच्या हॉटेलांतल्या स्ट्रॉपुरता आला आणि २०२२ पासून चमचे-काटे, सॉसच्या पुड्या यांनाही लागू झाला. न्यूयॉर्क शहरात २०२३ च्या जुलैअखेर असाच नियम लागू झाला. वरून किरकोळ वाटतो, पण त्याची करामत ऑर्डरच्या पडद्यावर दिसते. डिलिव्हरी ॲपवर "चमचे हवेत" हा चौकोन आधीच टिक केलेला असला तर घरी जेवणाराही तो काढायला जात नाही. चौकोन रिकामा ठेवला की ज्याला गरज आहे तोच टिक करतो. दुकानाचा खर्च वाचतो, गिऱ्हाइकाच्या खणात न उघडलेल्या चमच्यांची रास साचत नाही, आणि कोणाचं काही अडत नाही. इथे व्यावसायिकाला एकच काळजी घ्यावी लागते: काउंटरवरच्या माणसाने "चमचा देऊ ना?" असं न विचारता गिऱ्हाइकाला "काही लागणार असेल तर सांगा" म्हणायचं, आणि डबे भरणाऱ्याने सवयीने पुडी आत सरकवायची नाही. हे दुसरं जास्त कठीण आहे. हात सवयीने चालतात.

पैसे लावण्याचा नियम जास्त वादाचा. बर्कलीने २०२० च्या जानेवारीपासून डिस्पोजेबल कपामागे २५ सेंट वेगळे आकारायला लावले. व्हँकुव्हरनेही २०२२ च्या सुरुवातीला तितकीच रक्कम कपामागे लावली, आणि १ मे २०२३ पासून रद्द केली. ती रक्कम दुकानदाराकडेच राहत होती. गिऱ्हाइकाला वाटलं दुकानदार लुबाडतो. दुकानदाराला वाटलं शिव्या आपण खातो. आणि स्वतःचा कप नसणाऱ्याला काउंटरवर दुसरा सोपा पर्याय सहसा नव्हताच. मला यातून एवढंच दिसतं की आकार लावताना पैसा कुठे जातो ते लोकांना कळलं पाहिजे आणि तो टाळायची वाट हाताशी असली पाहिजे. ट्यूबिंगेनने कर लावण्याआधीच परतीच्या भांड्यांसाठी, म्हणजे गिऱ्हाइकाने परत आणून द्यायच्या आणि धुऊन पुन्हा वापरायच्या भांड्यांसाठी, दुकानांना अनुदान दिलं होतं आणि कर थेट नगरपालिकेच्या खात्यात जात होता.

तिथेही निकाल सरळसोट नाही. विद्यापीठाच्या अभ्यासात सार्वजनिक पेट्यांतल्या कचऱ्याचं वजन मोजण्याइतकं कमी झालेलं आढळलं नाही. परतीची भांडी देणाऱ्या दुकानांची संख्या मात्र ठळकपणे वाढली. विरोधकांनी पहिलं वाक्य उचललं, समर्थकांनी दुसरं. मला वाटतं, हवेने भरलेल्या हलक्या कपांचा हिशेब वजनात करणं फारसं उपयोगाचं नाही, कारण पेटी भरून वाहते ती आकारमानाने. पण हेही तितकंच खरं की एका गावाच्या एका कराकडून वर्षा-दोन वर्षांत चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

बसून खाणाऱ्याला धुण्याची भांडी, हा नियम मला सर्वांत रास्त वाटतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२३ पासून वीस किंवा अधिक जागा असलेल्या खानपानगृहांना तो लागू आहे, फास्टफूडलाही. माणूस तिथेच बसलाय, ताटली दहा पावलांवरून परत येणार आहे, मग ती फेकण्याजोगी का असावी? खर्च भांडी धुण्याचा आहे आणि तो खराच आहे: जागा, पाणी, गरम पाण्यासाठी वीज, माणसाचे तास, फुटतूट. पण डिस्पोजेबलचा खर्च दर महिन्याला परत परत येतो आणि ताटलीचा एकदाच. स्वतःचं गणित मांडताना कचरा उचलण्याचे पैसेही त्यात धरावेत. ते बहुतेकजण विसरतात.

पार्सलला परतीचं भांडं देणं ही मात्र वेगळी कसरत. जर्मनीत २०२३ पासून पार्सल देणाऱ्या हॉटेलांना परतीच्या भांड्याचा पर्याय ठेवावाच लागतो, आणि त्यात दिलेला पदार्थ डिस्पोजेबलपेक्षा महाग असता कामा नये. अनामत तेवढी घेता येते. पाचपर्यंत कामगार आणि ८० चौरस मीटरपर्यंत जागा असलेल्या दुकानांना यातून सूट आहे, पण गिऱ्हाइकाने स्वतःचा डबा आणला तर तो भरून द्यावा लागतो. फ्रायबुर्ग शहरात २०१६ मध्येच एक युरो अनामतीचा कप सुरू झाला होता. डेन्मार्कच्या ऑर्हूस शहरात २०२४ पासून रस्त्यात बसवलेल्या यंत्रांत कप टाकला की अनामत परत मिळते.

या योजनांचं भवितव्य एका आकड्यावर ठरतं: परतीचं प्रमाण. हिशेब सोपा आहे. दर शंभर कपांतले ५० परत आले तर एक कप सरासरी दोनदाच वापरला जातो. ९० आले तर दहा वेळा. ९५ आले तर वीस वेळा. शेवटच्या पाच टक्क्यांनी वापर दुप्पट होतो. जाड, टिकाऊ कप बनवायला पातळ कपापेक्षा कितीतरी जास्त माल लागतो, म्हणून दोनदा वापरून हरवणारा टिकाऊ कप हा तोट्याचा सौदा आहे. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात २०२४ मध्ये तीसेक हॉटेलांनी मिळून तीन महिने सगळ्यांना परतीचाच कप दिला, तोही अनामत न घेता. दोन लाख वीस हजारांहून जास्त कप परत आले. परतीचं प्रमाण ५१ टक्के. गावभर सगळ्या दुकानांत एकच कप आणि कुठेही परत करायची सोय असली तर लोक साथ देतात, हे त्यातून दिसलं. आणि ५१ चे ९० व्हायला अजून बरंच काही लागेल, हेही दिसलं. धुणं किती गरम पाण्यात आणि कप किती लांबून गोळा करून आणायचे, यावरही फायदा-तोटा फिरतो.

सवलतींपैकी एक सवलत मनापासून समजून घ्यावी. हात किंवा जबडा नीट न चालणाऱ्या अनेक माणसांना वाकणारी प्लास्टिकची स्ट्रॉ हीच पाणी पिण्याची सोय असते. कागदी स्ट्रॉ विरघळते आणि तिचे तुकडे घशात अडकू शकतात, धातूची दाताला-हिरडीला लागते, गरम पेयात भाजते. स्ट्रॉबंदीच्या पहिल्या लाटेत या लोकांना कोणी विचारलंच नव्हतं, आणि त्यांनी आवाज उठवल्यावर नियम सुधारले गेले. इंग्लंडच्या २०२० च्या नियमात हॉटेलवाल्याला स्ट्रॉ समोर मांडता येत नाही, पण कोणी मागितली तर देता येते, आणि आजाराचा पुरावा मागण्याची गरज नाही. व्यावसायिकाने आपल्या माणसांना हे नीट सांगून ठेवावं. मागणाऱ्याला "का हवी?" असं चारचौघांत विचारणं हा त्याचा अपमान आहे.

प्रत्यक्ष तयारी कशी करायची? दुकानातली फेकायची प्रत्येक वस्तू एकेक नग टेबलावर मांडा: कप, त्याचं झाकण, डबा, चटणीची छोटी वाटी, चमचा, ढवळकाडी, पिशवी. झाकणाला विसरू नका. कप बदलून झाकण जुनंच राहतं, हे हमखास घडतं. प्रत्येकापुढे लिहा की ते कशाचं आहे, आतून अस्तर आहे का, बसणाऱ्याला जातं की पार्सलला. मग नियमाच्या व्याख्येशी ताडून पाहा. पर्याय निवडताना प्रमाणपत्र वस्तूच्या आणि उत्पादकाच्या नावाचं आहे ना, त्याची मुदत संपलेली नाही ना, हे बघा. नमुन्याचे थोडेच नग घेऊन आपलाच सर्वात गरम आणि सर्वात तेलकट पदार्थ त्यात अर्धा तास ठेवून पाहा. जुना साठा कधीपर्यंत संपवता येईल ही तारीख नियमात असते. ती न पाहता घाऊक स्वस्त मिळतंय म्हणून भरलेला माल पुढे अंगाशी येतो, कारण काही कायद्यांत साठा बाळगणंही मना असतं. भारताच्या नियमात उत्पादन, आयात, साठवण, वाटप, विक्री आणि वापर अशा सहाही गोष्टींवर बंदी आहे.

त्या सहांचा क्रम बघितला तर अंमलबजावणीची अडचण उघड होते. वापर ही साखळीची शेवटची कडी, आणि तपासणी तिथूनच सुरू होते, कारण दुकान रस्त्यावर दिसतं, कारखाना दिसत नाही. बंदी असलेला माल बाजारात खुलेआम मिळत असताना शेवटच्या लहान विक्रेत्याकडून दंड वसूल करणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्याकडे भांडी धुवायला नळ नाही, ठेवायला जागा नाही, आणि शेजारचा विक्रेता स्वस्त माल वापरून दोन पैसे कमी घेतोय. नियम करणाऱ्यांनी आधी पुरवठा बंद करावा, मग दाराशी यावं. लहान विक्रेत्यांसाठी सामायिक भांडीधुलाई केंद्र, पर्यायी मालाची एकत्र खरेदी, पहिल्या भेटीत दंडाऐवजी समज, एवढं केलं तर नियम पाळणाऱ्यांची संख्या नक्की वाढेल.

बहुतेक ठिकाणी नियम पक्का होण्याआधी मसुदा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचनांना ठरावीक दिवस दिले जातात. व्यावसायिकांच्या संघटना तेव्हा "बंदी नको" एवढं एका ओळीचं पत्र देतात आणि ते फाइलमध्ये जातं. त्यापेक्षा अस्तर असलेला कागदी कप व्याख्येत येतो का, साठा संपवायला किती महिने, खतयोग्य माल गोळा करणारी गाडी कोणत्या वारी येणार, आकार लावलाच तर तो पैसा कोणत्या खात्यात जाणार, अपवाद किती काळासाठी, असे नेमके प्रश्न कलमाच्या क्रमांकासह लेखी विचारावेत. अशा प्रश्नांचं उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर देताना मसुदा सुधारतो.